साल्हेरच्या सावलीची कड

डोंगराची सावली कशी दिसते, असं मी नववीच्या वर्गात दरवर्षी विचारायचो. पोरं म्हणायची, डोंगरासारखी. मग मी म्हणायचो, चला साल्हेरवर. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही अंधारातच गड चढायला लागायचो. पोरं कुरकुरायची, मुलींच्या आया आदल्या संध्याकाळी घरी येऊन भांडून जायच्या, आणि मुख्याध्यापक म्हणायचे, "देवरे, यंदा तुमच्या जबाबदारीवर." जसा काही मागच्या वर्षी मी त्यांच्या जबाबदारीवर गेलो होतो. पण सूर्य वर आला, की परशुरामाच्या देवळापाशी सगळी पोरं पश्चिमेकडे तोंड करून गप्प उभी राहायची. साल्हेरचा माथा तसा ओबडधोबड, त्याची सावली मात्र कंपासपेटीतल्या गुण्यासारखी, सरळ कडांची आणि टोकदार. डांगच्या जंगलावरून ती थेट क्षितिजाला जाऊन भिडायची.

डोंगर कुठल्याही आकाराचा असो, माथ्यावरून त्याची सावली त्रिकोणीच दिसते. ती शेकडो किलोमीटर लांब असते आणि आपण तिच्या एका टोकाशी उभे असतो. लांबलचक रस्त्याच्या दोन कडा दूरवर एकत्र येताना दिसतात, तसंच हे. शिवाय ती नुसती जमिनीवर पडत नाही. मधल्या धुरकट हवेतही पडते, म्हणून कधी कधी तिचं टोक क्षितिजाच्या वर निघालेलं दिसतं. आणि तिच्या कडा सरळ असतात, कारण सूर्याचा किरण सरळ असतो. हे शेवटचं वाक्य मी पोरांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचो.

पृथ्वीची गोलाई मात्र मला कधीच कुणाला दाखवता आली नाही. तशी रीत साधी आहे. दोन्ही हातांत दोरा ताणून क्षितिजाला लावून धरायचा. मध्यभागी जमीन दोऱ्याच्या वर डोकावली, तर ती गोलाई. पण साल्हेरची उंची त्याला पुरत नाही, आणि जो काही केसभर फुगवटा असेल तो धुरक्यात बुडून जातो. आयुष्यात एकदा विमानात बसलो, दिल्लीला शिक्षकांच्या अधिवेशनाला जाताना. दोऱ्याचं रीळ खिशात होतं. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी झडप ओढून घेतली आणि ते घोरायला लागले. मी त्यांना दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझी तक्रार केली.

म्हणून शर्वरीने वर जायचं तिकीट माझ्यापुढे धरलं, तेव्हा मी आधी दोऱ्याचं रीळ शोधून खिशात टाकलं.

शर्वरी आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात प्रकाशशास्त्र शिकली आणि नामपूरच्या पुढच्या माळावरून माणसांना आकाशात नेणाऱ्या कंपनीत लागली. हेलियमचा अवाढव्य फुगा, त्याखाली आठ खुर्च्यांची गोल कुपी. कुपीचं नाव गवाक्ष. वीस किलोमीटर वर जायचं, सूर्योदय बघायचा, खाली यायचं. शर्वरी तिथे खिडक्यांच्या काचेवर काम करायची. "वर ऊन फार प्रखर असतं, नाना. आमची काच उजेड सांभाळते," एवढंच तिने सांगितलं होतं. मी गावभर सांगत सुटलो होतो, की माझ्या पोरीने उजेड सांभाळणारी काच केली आहे.

तिची आई विमल यायला तयार नव्हती. "माले नको," ती म्हणाली. घरात आम्ही अहिराणी बोलतो, शर्वरी तेवढी पुण्याची मराठी बोलते. "मी खालतूनच बरी शे."

त्या पहाटे शर्वरीने स्वतः मला खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला, खुर्चीच्या हातावरच्या बटणांवर बोटं फिरवली. तिचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते.

"झोपतेस की नाही?" मी विचारलं.

"हंगाम चालू आहे, नाना." मग पट्ट्यावर हात ठेवून म्हणाली, "याच खुर्चीत बसा. समोर बघा. उठून इकडेतिकडे फिरू नका."

आम्ही वर निघालो. कुपीत आवाज नव्हता, धक्का नव्हता. कॅप्टन सुखटणकर नावाच्या बाई मधूनमधून उंची सांगत होत्या. माझ्या शेजारी नाशिकचे एक बिल्डर आणि त्यांची बायको, पलीकडे एक नुकतं लग्न झालेलं जोडपं. आकाश निळ्याचं जांभळं आणि जांभळ्याचं काळं होत गेलं. मग पाठीमागे पूर्व उजळली आणि माझ्या समोरच्या, पश्चिमेकडच्या काचेत क्षितिज दिसलं.

ते गोल होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकलेलं, उपड्या परातीच्या काठासारखं. वर निळी रेघ, तिच्यावर काळोख. आयुष्यभर फळ्यावर खडूने काढलेली ती रेघ माझ्यासमोर होती, आणि मी रडायला लागलो. नाक वाहेपर्यंत रडलो. बिल्डरच्या बायकोने रुमाल दिला. मला कसलीही लाज वाटली नाही. तेव्हा वाटलं, की आता मेलो तरी चालेल.

डोळे पुसल्यावर मी साल्हेर शोधला. मास्तराची खोड. सूर्य आमच्या मागून वर येत होता आणि साल्हेर पश्चिमेला, काचेच्या डाव्या अंगाला होता. वरून तो अगदी बुटका दिसत होता. पण त्याची सावली निघाली होती, समुद्राकडे, मी शेकडो पोरांना दाखवली होती तीच.

ती वाकली होती.

आधी वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. मग वाटलं, मोतीबिंदू काढला तेव्हा काही राहून गेलं असेल. एक डोळा मिटला, मग दुसरा. सावली दोन्ही डोळ्यांनी वाकडीच. डांगपर्यंत बरी होती, पुढे क्षितिजाजवळ जाताना तिची कड कोयत्यासारखी वळत गेली होती. जमिनीच्या चढउताराने सावली इथेतिथे दातेरी होते, हे मला माहीत आहे. पण ती अशी गुळगुळीत वळत नाही. मी स्वतःशीच पुटपुटलो, सूर्याचा किरण सरळ असतो. मग जे वाकलं होतं ते काय होतं?

रबरावर चित्र काढावं आणि रबर मधोमध वर ओढावं, तसं ते होतं. क्षितिज एकटं वाकवता येत नाही. त्याच्या जवळचं सगळंच त्याच्याबरोबर वाकतं.

मी पट्टा सोडला आणि कॅप्टनबाईंकडे गेलो.

"बाई, या कुपीत एखादी साधी काच आहे का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. असं कुणी कधी विचारलं नसावं. "आणीबाणीच्या दाराला आहे," त्या म्हणाल्या. "नियमच आहे. यंत्र बंद पडलं तर मला बाहेर दिसायला नको?"

दारावर कंपनीच्या चिन्हाची गादी अडकवली होती, ती त्यांनी काढून दिली. मागे दीड-दोन वितींची चौकोनी काच, पश्चिमेकडेच तोंड असलेली, जराशी ओरखडलेली. मी खिशातून रीळ काढलं, काचेवर दोरा ताणला आणि डोळा जवळ नेला.

आकाश तितकं काळं नव्हतं. क्षितिज धुरकट होतं. पहिल्या नजरेला ते सरळच वाटलं. दोरा हलवत हलवत त्याच्या दोन्ही टोकांना क्षितिज टेकवलं, तेव्हा मध्यभागी जमीन दोऱ्याच्या वर आली. तांदळाच्या एका दाण्याएवढी. मी तीनतीनदा पाहिलं. एवढीच आहे गोलाई, वीस किलोमीटरवरून. आणि साल्हेरची सावली सरळ होती, सुतात.

मला आता रडू येत नव्हतं. आधीच्या काचेपुढे सगळं रडून झालं होतं आणि या काचेसाठी काही उरलं नव्हतं. याचा राग मला आजही आहे.

तरी मास्तर तो मास्तर. मी सगळ्यांना हाका मारल्या. म्हटलं, या, खरी गोलाई बघा. बिल्डर आले, वाकले, सरळ झाले.

"यात काही दिसत नाही हो, सर."

"दोऱ्याकडे बघा. मध्यभागी."

"हे एवढंसं? आमच्या खिडकीतून बघा की, केवढी मोठी दिसते." आणि ते मला हाताला धरून, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसे, माझ्या खुर्चीकडे घेऊन आले. नव्या नवरीने मात्र जरा वेळ पाहिलं. मग तिने नवऱ्याला विचारलं, की आपले पैसे फुकट गेले का. त्याने तिला घाईघाईने पहिल्या काचेपुढे नेलं.

मनमाडच्या अलीकडे एका पडीक रानात आम्ही उतरलो. कंपनीची एक पद्धत होती. उतरल्या उतरल्या प्रत्येकापुढे माईक धरायचा आणि विचारायचं, काय पाहिलंत? लोक जे बोलतील ते जाहिरातीत जायचं. शर्वरी जीपजवळ चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिच्या शेजारी तिचे साहेब, राजोपाध्ये. वय असेल पस्तीस, बोलणं साखरेचं.

माईक माझ्यापुढे आला. शर्वरीचा चेहरा मला दिसत होता. मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं, असं विमल अजून म्हणते. पण किरण सरळ असतो असं ज्याने जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, त्याने माईकपुढे काय सांगायचं?

"तुमची काच खोटं दाखवते," मी म्हणालो. "पृथ्वी गोल आहे, पण तुम्ही दाखवता तेवढी इथून दिसत नाही. माझ्या काचेत साल्हेरची सावली वाकली होती. सावली वाकत नाही."

मला वाटलं, आता आरडाओरड होईल, माईक हिसकावून घेतील. राजोपाध्ये हसले. अगदी आदराने जवळ आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कोणत्या खुर्चीवरून, सर?"

मी सांगितलं. शर्वरीच्या हातातला थर्मास कलंडला. चहा तिच्या पायावर सांडला तरी तिला कळलं नाही.

तशीच ती माझ्याबरोबर सटाण्याला घरी आली. विमलने पानं वाढली. पोरीच्या ताटात बाजरीची भाकरी कुस्करून दिली, लहानपणी द्यायची तशी. माझा पारा चढलेला बघून ती मला स्वयंपाकघराच्या दारातच म्हणाली, "तिले काही बोलू नका आते. पोर थकेल शे."

मी बोललोच.

"उजेड सांभाळणारी काच, नाही का?"

शर्वरीने घास खाली ठेवला आणि सांगितलं. काचेच्या दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. बाहेरून येणारा उजेड तो अडवतो आणि तेच दृश्य आपल्या हिशेबाने पुन्हा रंगवतो. धुरकं काढून टाकतो, आकाश काळं करतो, क्षितिज वाकवतो. समोर बसलेल्याचे डोळे कुठे बघतात त्यावर त्याचं लक्ष असतं, त्यामुळे प्रत्येक खुर्चीला आपापलं दृश्य मिळतं. पहिल्या हंगामात साध्या काचा होत्या. लोक वर जायचे, बघायचे आणि खाली येऊन म्हणायचे, सपाटच तर आहे. पैसे परत मागायचे. कंपनी बुडायला आली होती.

"मग आम्ही गोलाई तिप्पट केली," ती म्हणाली. "तिप्पटीत काही कळत नाही, नाना. आम्ही तपासलंय."

"मला कळलं."

"तुम्हाला कळलं, कारण..." ती थांबली. विमलने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्या खुर्चीला मी सहापट लावलं होतं."

मला आधी अर्थच लागेना. मग राजोपाध्येंचा प्रश्न आठवला. इतर सात खुर्च्यांवर सावली वाकलेली कळलीच नसती. ती फक्त माझ्या खुर्चीवर कळली, आणि त्या खुर्चीचं माप कुणी बदललं हे यंत्राला विचारलं, की यंत्र शर्वरीचं नाव सांगणार. परवानगी न घेता बदललं होतं. मी माईकपुढे कंपनीला उघडं पाडायला गेलो आणि माझ्या पोरीला उघडं पाडून आलो.

तरीही मला राग त्याचा नव्हता.

"का?" मी विचारलं. "गिऱ्हाइकांना फसव, तो तुझा धंदा. मला का?"

"ते पहिल्या हंगामातले लोक," ती म्हणाली, "उतरायचे ना, तेव्हा मी समोर असायचे. त्यांचे चेहरे पाहिलेत मी. ज्यांनी खूप वाट पाहिलेली असायची, त्यांचे सगळ्यात जास्त पडलेले असायचे. तुमचा तसा झालेला मला बघवला नसता."

"मी त्यांच्यातला वाटलो तुला?"

"तुम्ही जन्मभर वाट पाहिलीत, नाना."

"अगं, तांदळाच्या दाण्याएवढी दिसली मला. पुरली असती. खूप झाली असती. तुला एवढंही माहीत नव्हतं?"

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "सावलीचं माझ्या लक्षातच आलं नाही," ती अगदी हळू म्हणाली. "वर जाऊन डोंगराची सावली बघणारा माणूस आजवर कोणी भेटला नव्हता."

"तुझ्या घरात होता. नववीत तूही आली होतीस साल्हेरवर."

"मी देवळाच्या ओट्यावर झोपले होते. तुम्ही मला उठवलं नाहीत."

खरं होतं ते. तिला रात्री ताप होता आणि ऐकायची नाही म्हणून सोबत आणली होती. बापाने आजारी पोरीला झोपू दिलं, यात काय चुकलं, असं मला ओरडून विचारायचं होतं. विमलने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाण्याचा तांब्या उचलून अंगणात गेलो. तिला म्हणायला हवं होतं, की बाळ, तू प्रेमानेच केलंस. तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर म्हणायला ती घरात राहिली नाही. दुपारच्या गाडीने ती निघून गेली.

तिला काढून टाकतील, या काळजीत आम्ही दोघं झुरत होतो. विमलने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आणि एक दिवस सटाण्याच्या स्टँडसमोरच्या मोठ्या पडद्यावर मी माझा चेहरा पाहिला.

कुपीच्या आत कॅमेरे असतात. वर जाण्याआधी सगळ्यांनी संमतीचा अंगठा लावलेला असतो, मीही लावला होता. मी रडत होतो तो तुकडा त्यांनी जसाच्या तसा घेतला होता, नाकातल्या पाण्यासकट. खाली अक्षरं आली: "आयुष्यभर शिकवलं. आज पाहिलं." सावलीचं काही नाही, साध्या काचेचं काही नाही, दोरा तर नाहीच. पडद्यावर माझं रडणं संपलं, की साबणाची जाहिरात लागायची आणि मग पुन्हा माझं रडणं.

मी तडक नामपूरचा माळ गाठला. राजोपाध्येंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, दोन्ही हात जोडले.

"सर, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. तिप्पटीला लोक फक्त खूश होतात. सहापटीला रडतात. हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. आता सगळ्याच खुर्च्या सहापट केल्या."

"आणि सावली?"

"ती आता सरळ केलीय. यंत्र सावली वेगळी ओळखतं आणि तिच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या काढतं. तेही तुमच्यामुळेच."

"माझा तो तुकडा काढून टाका," मी म्हणालो. "तो खोटा आहे."

राजोपाध्ये जरा गंभीर झाले. मला वाटतं, त्या क्षणी ते मनापासून विचारत होते. "सर, काच आमची होती. पण रडणं? ते खोटं होतं का?"

मी पाणी तसंच ठेवून उठलो आणि सटाण्याची गाडी पकडली.

शर्वरीला काढलं नाही. वरच्या पगारावर हैदराबादला पाठवलं. परवानगी न घेता माप बदलल्याबद्दल तिला दोन ओळींची समज मिळाली, आणि ते माप बरोबर निघालं म्हणून बढती.

गावात लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. मी खरं सांगायला लागलो, की मान डोलवायचे. मेडिकलवाला अरुण अहिरे माझा जुना विद्यार्थी, हुशार. तो बायकोला घेऊन वर जाऊन आला आणि पेढे घेऊन माझ्या पाया पडला.

"सर, सावली पाहिली. एकदम सरळ, तुम्ही सांगायचात तशी. आणि दोराही धरला."

"किती आलं मध्यभागी?"

त्याने अभिमानाने चार बोटं आडवी धरून दाखवली. मी त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायची सवय असते मेडिकलवाल्यांना.

"पण सर, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना," तो म्हणाला. "पुस्तकावर विश्वास ठेवू नका, स्वतः दोरा धरून बघा, हे तुम्हीच शिकवलंत."

पेढा मी खाल्ला. तो गोड होता.

हैदराबादला शर्वरी दुसऱ्याच कामावर आहे. खिडकीतला तो पडदा आता फोनच्या आत घातलाय. बोलताना समोरच्याला आपला चेहरा जरा बरा दिसावा, म्हणून. काळी वर्तुळं जातात, गाल भरतात, हसू आलं नाही तरी आणता येतं. लोकांच्या उड्या पडतायत, असं तीच सांगते. दिवाळीला ती आली नाही. संक्रांतीलाही नाही. काम फार आहे.

रविवारी तिचा फोन येतो. आधी विमल बोलते, मग फोन माझ्या हातात देते. पडद्यावर शर्वरी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसते. मागच्या रविवारी तिचा आवाज बसला होता. वाक्याच्या मध्येच थांबत होती, दम घेत होती, एकदा खोकला आला तो आवरता आवरेना. तेवढा सगळा वेळ चेहरा माझ्याकडे बघून हसत होता.

"शर्वरी," मी म्हणालो, "ते जरा बंद कर."

"काय, नाना?"

"तुमचं ते चेहऱ्याचं. मला तू दिसू दे."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. विमल माझ्या खांद्याला खेटून उभी राहिली, पडद्यात डोळे घालून, तिला काही दिसेल म्हणून.

"नको, नाना," शर्वरी म्हणाली. "तुम्हाला बघवणार नाही."

फोन भिंतीवर आपटावा असं मला वाटलं. खरंच वाटलं, हात वरही गेला होता. पण फोन फुटला, तर जे दिसतंय तेही दिसायचं बंद होणार. विमलने डोळ्यांना पदर लावला होता आणि मान हलवून मला नको नको म्हणत होती.

मी हात खाली घेतला. फोन नीट समोर धरला, आणि त्या भरल्या गालांच्या, हसऱ्या चेहऱ्याला विचारलं, "बरं. जेवलीस का?"